युगांडात दोन वर्षांचं काम आलंय, जाऊ की नको?

कणकुंबीकडचा
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सिव्हिल डिप्लोमा. नऊ वर्षं बोअर आणि नळपाणी योजनेच्या कामावर काढली. एका संस्थेकडनं युगांडातल्या सोरोटी भागात काम आलंय, गावोगावच्या हापशांची देखभाल बसवून द्यायची. पगार बरा आहे. आई म्हणते, बेळगावात कामं संपली काय? बायको काहीच बोलत नाही, तेच जास्त जड जातंय. जेवण, ताप, भाषा, काम, कसं असतं तिथं? राहून आलेल्यांनीच सांगा.

निपाणीचा मेकॅनिक
दादा, मी त्याच पट्ट्यात तीन वर्षं काढून आलोय, म्हणून लिहूलालोय.

जेवणाची काळजी सोडा. नाचणी आणि कसाव्याचं पीठ शिजवून 'अताप' करतात, आपल्या रागी मुद्द्याचा, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्याचा, सख्खा भाऊ. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतलीच की! नांगरट बैलांनी, आंब्याची झाडं ही एवढाली. मसाला मात्र नावाला नाही. कांदा-लसूण चटणी दोन किलो न्या.

भाषा अतेसो. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं हात धरून 'योगा, योगा' म्हटलं. मला वाटलं, भारतातनं आलाय म्हणून आसनं करून दाखव म्हणतेय. योगा म्हणजे तिथं नमस्कार. आपण घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारी माणसं, महिनाभरात कामापुरती येते.

आता कामाचं, कारण आपण तिथंच फसतो. हापशी आपलीच, १९७० च्या दशकात आपल्याकडं तयार झालेली इंडिया मार्क टू. तिथं तिला यू-टू म्हणतात. म्हटलं, हे तर डोळे झाकून करीन. एका गावात वायसर बदलले, पाणी धो धो आलं, फोटो काढला, निघालो. तीन महिन्यांनी गेलो तर बाया परत दलदलीतल्या झऱ्यावर घागरी, म्हणजे तिथले पिवळे कॅन, घेऊन रांगेत. हापशी चालू होती, पण पाणी लाल. जमिनीतलं पाणी आम्लधर्मी असलं की जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, आतनं गंजतो. एका बाईनं पोराचा शाळेचा सदरा आणून माझ्या हातात दिला. पांढरा सदरा पुढनं सगळा विटकरी झालेला. बोलली काही नाही. पाणी लाल येतंय हे तिनं मी पहिल्यांदा गेलो तेव्हाच गावच्या पाणी समितीत सांगितलं होतं म्हणे. मी फक्त चेअरमनशी बोललो होतो, बाकी कुणाला विचारलंच नव्हतं.

पाइप स्टेनलेसचे घातले की प्रश्न सुटतो, पण ते महाग. घरटी वर्गणी कोण भरतं, कोण नाही, हे समितीच्या खजिनदाराला माहीत. आमच्या गावात ती एक विधवा बाई होती, शाळेच्या वहीत सगळा हिशेब. पाना हातात घेण्याआधी ती वही बघा.

बेळगावची सिस्टर
पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावरनं थेट ६ दिवस विलगीकरणात बसाल. मलेरियाही तिथला बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, जिवावर बेतणारा. प्रतिबंधाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, मच्छरदाणी रोज लावा. आणि परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य 'युगांडाहून आलोय' हेच सांगा. वाट बघत घरी पडून राहू नका.

कणकुंबीकडचा
आभारी आहे, काका, ताई. बायकोचं काय करू? पोरगी दुसरीत आहे.

निपाणीचा मेकॅनिक
तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागं. मी काम आटपून रात्री आठला फोन करायचो, तेव्हा इथं साडेदहा, पोरं झोपलेली. वर्षभर मला मुलाचा आवाज नुसता रविवारी ऐकायला मिळाला. तुम्ही साडेसहाला करा, कामं पडूदेत. आणि ती बोलत नसेल तर तुम्ही विचारा की वो. मी वर सांगितलं त्या गावातही मी विचारलं नव्हतंच.

कणकुंबीकडचा
विचारतो आज. वायसर इथनं नेऊ काय?

निपाणीचा मेकॅनिक
वायसर तिथं मिळतात. पाण्याची आम्लता बघायच्या पट्ट्या न्या. आणि चटणी दोन नव्हे, चार किलो. शेजारी मागतात.