कात्यायनीच्या बाजूच्या गायरानावर निसर्ग उद्यान करावे का?

प्रश्न
कोल्हापूरजवळच्या कात्यायनी मंदिराच्या बाजूला आमच्या गावाचे गवताळ, मुरमाड गायरान आहे. शहरातल्या लोकांना तेथे फिरता यावे आणि मोर, ससे, पक्षी यांनाही थारा मिळावा, असे निसर्ग उद्यान करण्याचा विचार ग्रामसभेत मांडायचा आहे. काहींना तेथे दाट झाडी हवी आहे, तर काहींना हरणे आणून सोडायची आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
झाडी लावण्याची घाई करू नये. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. चंडोल आणि टिटवी यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांमध्ये इतकी बेमालूम मिसळतात की, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तेथे गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर हिरवाई दिसेल, पण माळावरचे पक्षी जातील. झाडे लावायचीच असतील, तर ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर लावावेत.

प्रतिसाद २
मी ऊस उत्पादक आहे, त्यामुळे हरणांविषयीच लिहितो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचे आहे. उजाड डोंगरावर झाडे लावून ते उभे राहिले, ही मोठीच गोष्ट आहे, परंतु तेथे सोडलेल्या हरणांची संख्या वाढल्यावर आजूबाजूच्या पिकांत त्यांचा उपद्रव सुरू झाला. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कोणालाही परस्पर वन्यप्राणी पकडून आणता येत नाहीत. गवे पाहायचे असतील त्यांनी दाजीपूरच्या अभयारण्यात जावे.

प्रश्नकर्ता
हरणांचा विषय मिटला. मात्र फिरणाऱ्यांची वाट कोठून काढावी? वैरणीसाठी गवत कापणाऱ्यांचे काय?

प्रतिसाद १
वाट गावाकडच्या कडेने न्यावी, कच्चीच ठेवावी आणि मधला माळ मार्च ते जून या विणीच्या काळात पूर्ण बंद ठेवावा. गवत दिवाळीनंतर बी झडल्यावर नेहमीप्रमाणे गावानेच कापावे. त्याने वैरण मिळते आणि उन्हाळ्यात वणव्याला खाद्यही कमी उरते. कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्यावी. मोकाट कुत्री, रात्रीचे दिवे आणि रस्सा मंडळांच्या (उघड्यावर मटण-रस्सा करून जेवणाऱ्या टोळक्यांच्या) पार्ट्या यांना मात्र ठराव करूनच मनाई करावी, कारण पाटी लावून कोणी ऐकत नाही. भेळेचे गाडे हवे असणाऱ्यांसाठी शहरातला रंकाळा तलाव आहेच.