‘नाकारलं म्हणूनच घडल्या’: हे वाचून वाचून कंटाळा आला

जुनी ब्युरेट (रत्नागिरी)

११ फेब्रुवारीला ‘कातळशिल्प’ दादांनी इथे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा फोटो टाकला. खाली लिहिलं की सी. व्ही. रामननी नाकारलं म्हणूनच कमलाबाई घडल्या. आताच्या पोरींना फेलोशिप, हॉस्टेल, बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा सगळं ताटात वाढून मिळतं, सरकारी लॅबमध्ये दहा ते सहा गप्पा मारायच्या, मग घडणार कोण? त्याला अंगठ्यांचा नुसता पाऊस. दोन दिवस गप्प बसले. आज उपास आहे, स्वयंपाक कमी, म्हणून लिहिते.

रामनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली मुलगी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करते, नोबेलवाले संचालक म्हणतात मुली घेत नाही, ती तिथे जाऊन ठाण मांडते, मग वर्षभर ‘बघू’ या बोलीवर प्रवेश. गाइड सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करायचं आणि लॅबमधलं ‘वातावरण’ बिघडवायचं नाही, या आणखी अटी. इथे गोष्ट संपते, टाळ्या पडतात. पुढे त्या बाईंनी काय केलं विचारा, सगळे गप्प.

केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन, असतं हे दाखवलं. १९३९ साली पीएचडी, प्रबंध जेमतेम ४० पानांचा. परत येऊन दिल्लीचं लेडी हार्डिंज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबई आणि तिथली सरकारी विज्ञान संस्था. त्या संस्थेत विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी तपासलं काय? वाल. आपल्या बिरड्याचे वाल! ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारा आपल्या पोटातला रस. त्याचे हात धरून ठेवणारं एक प्रथिन वालात असतं, ते त्यांनी स्फटिकरूपात वेगळं काढलं, १९५५ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. माझी आई मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायची, चिमटीत दाबला की डाळिंबी सुळकन परातीत. आणि बोटाने चेपून बघितल्याशिवाय ताटात वाढायची नाही. कच्चा वाल बाधतो एवढंच तिला ठाऊक. का बाधतो, हे सांगणारी बाई मुंबईत बसली होती.

आणि नीरा. राजेंद्रप्रसादांनी सुचवलं म्हणून ते काम हाती घेतलं. जीवनसत्त्वं, लोह मोजलं, आटवून गूळ केला तरी त्यातलं काय टिकतं ते पाहिलं. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी त्याच संस्थेचं संचालकपद हाती यायला चार वर्षं उशीर झाला. का, तर आतलं राजकारण. १९३३ चा नकार सगळ्यांना माहीत, हा माहीत नाही, कारण याच्यात सत्याग्रह नाही, नुसती फाइल आहे. दादा, नकाराने माणूस घडतं म्हणता ना? मग त्या चार वर्षांनी काय घडवलं ते सांगा.

कातळशिल्प (राजापूर)

ताई, मी कौतुकच केलं होतं. एवढा विंचू चावल्यासारखं करायचं कारण नव्हतं.

माझा राग सरकारी लॅबवर आहे, बायकांवर नाही. तीन वर्षांपूर्वी हापूसचा मोहोर काळा पडला. नमुना पिशवीत घालून स्वतः नेऊन दिला, पौष महिना होता. अहवाल आला जेठात. तोवर वाशीला पेट्या जाऊन, दलालाचा हिशेब येऊन, मी कर्जाचा हप्ता चुकवून मोकळा झालो होतो. अहवालात काय, ‘तुडतुडे व भुरी’. हे मला आमच्या गड्याने मोहोर हुंगून सांगितलं होतं. त्या लॅबमध्ये तीन बाया आणि दोन पुरुष होते, पाचही चहा पीत होते. मग मी काय लिहू?

आणि एक. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही केमिस्ट, दोघंही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले. नाकारल्यावर तिथे जाऊन ठाण मांडायला घरात तेवढं पाठबळ लागतं. माझी पुतणी केमिस्ट्रीत पहिली आली, आज पतपेढीत पासबुकं छापते. तिला कोणी नाकारलंसुद्धा नाही, कारण अर्ज कुठे करायचा हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. तिच्यावर लिहा की.

पावट्याची शेंग (चिपळूण)

पुतणीचा मुद्दा शंभर टक्के. मोहोराचा मुद्दा वेगळ्या धाग्यावर टाका.

बाय द वे, कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाई आणीबाणीत उभ्या राहिल्या, म्हणून शाळेत शिकवतात. कमलाबाईंचं नाव मी बीएड होईपर्यंत ऐकलं नव्हतं. २०२३ साली गूगलने जून महिन्यात त्यांचं चित्र काढलं तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘या कोण, नटी का?’

माडाखाली (भाट्ये)

नीरेवर कोणी बोलतच नाही. ब्युरेटताई, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, चांगलं झालं. पण माझ्या १४० माडांना त्याचा काय उपयोग? नीरा काढायची तर परवाना, परवान्यासाठी उत्पादन शुल्कवाल्यांचे खेटे, आणि तिथला साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘नीरा म्हणता, पण दुपारी माडीच विकणार ना?’ तिकडे कासरगोडच्या संस्थेने बर्फाची पेटी काढली, पोयीला म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला लावायची, रस गार राहतो, आंबत नाही, ‘कल्परस’ म्हणून विकतात. आपल्याकडे काय? पाडेली मिळत नाही. नारळ पाडायला माणूस मिळत नाही, पोय तासायला कुठून आणू?

वेंगुर्लेकर

पाडेली नाय, रेंदेर. पाडेली नारळ पाडता, रेंदेर सूर म्हणजे माडी काढता. दोन वेगळे धंदे. आमच्या आजोळाक रेंदेर दिवसातून तीनदा चढायचो, आजी सुरेत पीठ भिजवून आंबोळे घालायची. तशे आंबोळे यीस्टान होणत नाय, हां.

माडाखाली

आमच्याकडे भंडारी काढायचे, रेंदेर कोणी म्हणत नाही. आणि मी पाडेलीच म्हणालो, कारण नारळ पाडायलाच कोणी नाही. नीट वाचा.

वेंगुर्लेकर

वाचलंय. पोय तासायची म्हणालात मा? ता पाडेल्याचा काम नाय. येवढाच सांगतंय.

चाकरमानी (डोंबिवली)

पूर्वी दादर स्टेशनवर नीरा मिळायची, गार, ग्लासात फेस नाही. आता मिळते का? जीवशास्त्र राहू दे, गणपतीला गावी आलो तर भाट्येवाल्या दादांकडे मिळेल का ते सांगा.

माडाखाली

गणपतीत नीरा? पावसात माडाचं खोड शेवाळलेलं असतं, माणूस घसरून पडेल. चाकरमान्यांना सगळं गणपतीतच पाहिजे.

पावट्याची शेंग

आठ प्रतिसाद झाले, त्यातले सहा माडावर. बाई राहिल्या बाजूला.

सडावरचा मास्तर (लांजा)

बाजूला राहिल्या कारण मुळात कोकणाशी संबंध काय? जन्म इंदूरचा, शिक्षण मुंबई, बंगलोर, इंग्लंड. वाल खाल्ला म्हणून कोकणी? आणि रामनना उगाच धारेवर धरू नका. काळ तसा होता. पुढे त्यांच्याकडे हवामानशास्त्रज्ञ अॅना मणींनी काम केलंच की. एका मुलीने सिद्ध करून दाखवलं, दार उघडलं. नकाराचा फायदाच झाला, हे गणित आहे.

जुनी ब्युरेट

मास्तर, गणित घ्या. दार एकीने उघडलं. जिला ठाण मांडता आलं नाही, घरी परत गेली, तिची वजाबाकी कुठल्या रकान्यात? आणि काळ तसा होता म्हणता, तर कमलाबाई स्वतः म्हातारपणी जाहीर बोलल्या, की रामन शास्त्रज्ञ मोठे, मन कोतं. त्यांना काळ कळत नव्हता असं म्हणायचंय का तुम्हाला?

आता माझं. मी एका सरकारी लॅबमध्ये ३१ वर्षं होते, बायोकेमिस्ट्री. कुठली ते सांगणार नाही, अजून पेन्शन खाते.

रामननी कमलाबाईंना रात्री थांबण्याची अट घातली. माझ्या साहेबांनी उलट केलं. ‘बाई, सहानंतर थांबू नका, जबाबदारी कोण घेणार?’ वरून काळजीच ती. मार्चमध्ये गोपनीय अहवाल आला, त्यात शेरा: ‘कार्यालयीन वेळेनंतर उपलब्ध नसतात.’ पदोन्नती दोन वर्षं पुढे. भांडले नाही. कोणाशी भांडणार? काळजी करणाऱ्याशी?

आणि माडाखालीदादा, नीरेवर आम्हीही काम केलं. क जीवनसत्त्व मोजायचं होतं. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, निळा रंग थेंब थेंब सोडायचा, खाली आम्लात पडला की तो गुलाबी होतो आणि विरतो. एका थेंबाला विरत नाही, १५ सेकंद गुलाबी तसाच राहतो, तिथे थांबायचं. सुंदर काम आहे, अजून हाताला आठवतं. पण त्याला नमुना ताजा लागतो. पहाटे मडकं उतरलं की यीस्ट कामाला लागलेलंच असतं. चुना लावून आणि बर्फात ठेवून काही तास मिळतात, बस. मी जीप मागितली. उत्तर आलं, ‘बाईमाणूस पहाटे चारला माडाच्या बागेत कशाला?’ जीप त्या दिवशी साहेबांच्या मेहुण्यांना गणपतीपुळ्याला घेऊन गेली. मी थर्मासमध्ये बर्फ भरून एसटीने गेले आणि एसटीनेच आले. वाटेत घाटात टायर गेला. लॅबमध्ये पोचेस्तोवर बाटलीचं बूच उडालं. तक्त्यात नोंद काय? ‘नमुना हाताळणीत निष्काळजीपणा.’ पुढचा हंगाम दुसऱ्याला दिला. त्याला जीप मिळाली.

तर दादा, पाचही जण चहा पीत होते, मान्य. त्यांतली एखादी तुमच्या नमुन्यासाठी जीपची वाट बघत असेल, एवढंच मनात ठेवा. नसेल तर नसेल. आळशी बायका मीही पाहिल्यात, त्यांना पदोन्नती वेळेवर मिळाली.

सडावरचा मास्तर

एका जीपवरून सगळ्या खात्याला झोडपणं शास्त्रीय नव्हे. पुरुषांनाही जीप मिळत नाही.

पावट्याची शेंग

मास्तर, तुम्ही एका अॅना मणींवरून आत्ताच गणित मांडलंत ना?

कातळशिल्प

ब्युरेटताई, जीपचं पटलं. आमच्या गावची जीप पण मेहुण्यांचीच असते. ‘गप्पा मारायच्या’ हे वाक्य काढून टाकतो. ‘नाकारलं म्हणून घडल्या’ हे मात्र काढणार नाही, त्याला अंगठे फार आलेत.

मोहोराचा अहवाल पाच महिन्यांनी आला हे तरीही चूकच. आणि पुतणीला सांगू काय? तिशीला आली, आता अर्ज करता येतो का कुठे?

जुनी ब्युरेट

करता येतो. मला निरोप करायला सांगा तिला. तिलाच करू द्या, तुम्ही नको. अहवालाचं चूकच, त्याची बाजू मी कशाला घेऊ?

माडाखाली

चुना मडक्याला आतून किती लावायचा, ते पण निरोपात सांगा. आमचा बाबा अंदाजाने लावायचा, मला तो अंदाज नाही.

वेंगुर्लेकर

त्या बूच उडालेल्या बाटलीचा काय केलात?

जुनी ब्युरेट

अर्धी टेबलावर सांडली होती. उरलेली आमच्या शिपायाने नेली. तो म्हणाला, ‘बाई, तुमचा नमुना उत्तम आहे.’ नोकरीतला तेवढाच चांगला शेरा.