मदत हवी आहे: एफएनएसीत ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ आलंय, पुढे काय करायचं?

बहिणीची मुलगी अडीच वर्षांची आहे. पोट एका बाजूला टणक लागतंय म्हणून दाखवलं, तर सोनोग्राफीत डाव्या किडनीपाशी मोठी गाठ निघाली. ती किडनीचीच आहे की वरच्या ॲड्रिनल ग्रंथीची, हे सीटी स्कॅनमध्येही नक्की कळलं नाही. मग सुईची तपासणी (एफएनएसी) केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘मॅलिग्नंट स्मॉल राउंड सेल ट्यूमर, बायॉप्सी व आयएचसी करावी.’ म्हणजे कॅन्सर आहे, पण कोणता ते कळत नाही. लॅबचं चुकलं का? दुसरीकडे पुन्हा एफएनएसी करावी का? घरातले मोठे म्हणतात, सारखी सुई टोचली की गाठ पसरते. बहीण आणि मेहुणे काही विचारायच्या मनःस्थितीत नाहीत, म्हणून मी लिहितेय. कोणी माहितगार असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लॅबचं चुकलेलं नाही, उलट हा प्रामाणिक रिपोर्ट आहे. न्यूरोब्लास्टोमा (बहुधा ॲड्रिनलचा), विल्म्स (किडनीचा), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंसारख्या पेशींचा), युइंग (बहुधा हाडाचा), लिम्फोमा या सगळ्या कॅन्सरांत पेशी लहान, गोल, गडद निळ्या दिसतात. कधी न्यूरोब्लास्टोमात पेशींची गोल फुलं (रोझेट) आणि मधे तंतूंचं जाळं सापडतं, कधी विल्म्समध्ये नळ्यांसारखी रचना दिसते, तेव्हा स्लाइडवरूनच नाव देता येतं. पण नाही दिसलं तर अंदाजाने नाव देणं घातक, कारण प्रत्येकाची केमो वेगळी.

आधी लॅबला विचारा, सेल ब्लॉक (सुईने काढलेल्या पेशींची मेणात बसवलेली वडी) केला होता का? असेल तर त्यावरच आयएचसी (पेशींतली खास प्रथिनं रंगवून गाठ ओळखण्याची तपासणी) होऊ शकते. त्यात मायोजेनिन हे प्रथिन सापडलं तर ते रॅब्डोकडे बोट दाखवतं, फॉक्स-टू-बी न्यूरोब्लास्टोमाकडे. एकट्या सीडी ९९ या प्रथिनावर मात्र कोणी निदान ठरवू नये, तो युइंगमध्ये येतो तसा लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही येतो.

लघवीतली व्हीएमए आणि एचव्हीए (या गाठीतून तयार होणारी रसायनं) तपासणी झाली नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा. न्यूरोब्लास्टोमाच्या बहुतेक मुलांमध्ये ती वाढलेली असतात, आणि यात बाळाला काहीच टोचावं लागत नाही.

सुईच्या वाटेने गाठ पसरणं दुर्मीळ आहे. पण विल्म्सचा संशय असेल तर बायॉप्सीचा निर्णय लहान मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांनीच घ्यावा. युरोपच्या पद्धतीत बहुतेक वेळा स्कॅनवरून आधी केमो देतात. अमेरिकेच्या पद्धतीत ऑपरेशनआधी बायॉप्सी झाली तर स्टेज ३ धरतात, म्हणजे उपचार वाढतात. म्हणून घाईने दुसरीकडे पुन्हा सुई टोचून घेऊ नका. स्लाइड, ब्लॉक आणि सीटीची सीडी घेऊन परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जवळच्या अशा केंद्रात जा. न रंगवलेल्या स्लाइड उरल्या असतील तर त्याही मागून घ्या.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप खूप आभार. लॅबला फोन केला, सेल ब्लॉक आहे आणि उद्या देतो म्हणाले. लघवीची तपासणी झालीच नव्हती, तीही उद्या करतोय. अजून एक विचारायचं होतं. बोन मॅरोही (हाडातला मगज) तपासायला काढावा लागेल असं म्हणताहेत. इतक्या लहान मुलीला त्यासाठी भूल देतात का?

प्रतिसाद २

हो ताई, भूल देऊनच करतात. न्यूरोब्लास्टोमा मॅरोत पसरलेला असू शकतो, म्हणून तो पाहतात. कधीकधी निदानही तिथेच होतं आणि पोटात सुई घालावीच लागत नाही. लघवीचा रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा.