रिव्हरवरचा तो फोल्ड

पोकरचा हा डाव मांडून तुम्ही म्हणताय की तुमचा फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून माघार घेणं, चुकला. बोर्डवर (सगळ्यांच्या सामाईक पाच पत्त्यांत) बदाम राणी, बदाम सत्ती, किलवर दुर्री, इस्पिक नव्वी आणि शेवटी बदाम तिर्री. तुमच्या हातात बदाम एक्का, इस्पिक राणी, म्हणजे दोन राण्या जमल्या. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत नुसता कॉल करणाऱ्याने (म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम भरणाऱ्याने) रिव्हरवर, शेवटचं पान उघडल्यावर, अचानक ६०० च्या पॉटमध्ये (जमलेल्या रकमेत) ३०० लावले, तुम्ही फोल्ड केलं आणि त्याने ब्लफ (कमकुवत पत्त्यांवर मारलेली थाप) दाखवला. म्हणून फोल्ड चुकला, हे मला अजिबात पटत नाही.

हिशोब असा: ३०० भरून एकूण पॉट १२००, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी कॉल तोट्यात जात नाही. बदाम एक्का तुमच्याकडे असल्यामुळे समोरच्याच्या फ्लशच्या (इथे पाच बदामांच्या) शक्य जोड्या ४५ वरून ३६ वर येतात, आणि गेलेल्या नऊ म्हणजे हौशी खेळाडू हमखास खेळतो तेच सुटेड एक्के (एक्का आणि त्याच्याच चिन्हाचं दुसरं पान). इथवर कॉलची बाजू भक्कम. पण एकटा बदाम एक्का घेऊन फ्लश असल्याचा ब्लफ मारायची त्याची सोयही तुम्हीच बंद केलीय! शिवाय हौशी टेबलावर तिसरं बदाम पडताच आपणहून बेट करणाऱ्याकडे बहुतेकदा फ्लशच असतो. मीही फोल्डच केलं असतं.

पुढचा डाव इथे चर्चेला मांडाल तेव्हा निकाल आधी सांगू नका, आणि हा खेळाडू एरवी किती ब्लफ करतो तेवढं लिहा.