फोटो बघून मधमाशीचं पूर्ण नाव ठोकून देणं थांबवा (चर्चा)

खुळखुळा:
परवा इथे नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बाजूचा एक फोटो आला होता. एकदांडीच्या फुलावर बसलेली काळपट माशी, पोट जरा वर उचललेलं. बघता बघता खाली तीन नावं पडली. एकाने मेगाकाइली लॅनाटा, दुसऱ्याने ऑस्मिया, तिसऱ्याने सरळ कुंभारीण. फोटो वरून काढलेला, पंखांवर चकाकी, तोंड फुलात, पोटाची खालची बाजू दिसतच नाही. तरी तिघांनाही खात्री!

माझं म्हणणं साधं आहे. एकट्या, पोळ्याशिवाय राहणाऱ्या मधमाश्यांचं कुळ ओळखा आणि तिथेच थांबा. कुळाच्या आत जीनस म्हणजे गट, आणि जीनसच्या आत स्पीशीज म्हणजे नेमकी जात. तेवढं शरीर पाहून जमतं, त्यापुढचं बहुतेक वेळा नाही.

आधी ती मधमाशी आहे का ते बघा. पंखांची एकच जोडी आणि मिशा आखूड असतील तर ती साधी माशी, मधमाशीचं सोंग घेतलेली. कंबर सुतासारखी, अंग गुळगुळीत, पाय सडसडीत असतील तर गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, कुंभारीण तिथलीच. मग पराग कुठे ठेवलाय ते बघा. पोळ्यातल्या मधमाशीच्या मागच्या पायावर टोपली असते आणि तिच्यात मकरंदाने भिजवलेला परागाचा गोळा. निळ्या पट्ट्यांची अमेगिला किंवा जमिनीत बिळं करणाऱ्या हॅलिक्टिड माश्या पराग प्रामुख्याने मागच्या पायांच्या केसांत अडकवतात. पण मागचे पाय जवळपास रिकामे आणि पोटाखाली दाट केसांचा ब्रश, त्यावर कोरडा पराग लिंपलेला, असं दिसलं तर ती मेगाकिलिडी कुळातली मादी. या ब्रशला स्कोपा म्हणतात. पानं कापणाऱ्या, चिखलाची घरं करणाऱ्या, डिंकाने बिळं बुजवणाऱ्या, सगळ्या या कुळात. मेगाकाइली आणि ऑस्मिया हे त्यातलेच दोन जीनस. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून जास्त स्पीशीज आहेत, त्यातल्या 4,000 च्या वर या एकट्या कुळात. त्यातली नेमकी कोणती हे मोबाइलच्या फोटोवरून सांगणारे आपण कोण?

मानेवाडा_मॅक्रो:
पूर्ण असहमत. इथे फोटो टाकणाऱ्याला नाव हवं असतं. "मेगाकिलिडी कुळातली मादी" असं उत्तर मिळालं की माणूस पुन्हा येत नाही. पक्षीवाले असे वाढले असते का? "चिमणीच्या आकाराचा कुणीतरी" म्हणत बसले असते तर आज गोरेवाड्याला पहाटे एक दुर्बीण दिसली नसती.

आणि सगळ्याच स्पीशीज अवघड नाहीत. लॅनाटाच्या पाठीवर तांबूस लव असते, काळ्या पोटावर पांढुरके पट्टे असतात. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने तिला 1775 मध्ये नाव दिलं, म्हणजे काही नवी पाहुणी नाही. माणसांच्या सामानाबरोबर ती पार फ्लोरिडापर्यंत पोचली आहे. अशा ओळखीच्या माशीला नागपुरातच अनोळखी ठेवायचं?

सुईटाचणी:
मी दोघांच्याही विरोधात.

खुळखुळा, तुमचा ब्रश म्हणजे अर्धीच ओळख. नराला स्कोपा नसतोच, म्हणजे निम्म्या माश्या बाद. त्यातही सिलिओक्सिस ही याच कुळातली परजीवी. ती दुसऱ्या मेगाकाइलीच्या घरात अंडं घालते. पराग गोळाच करत नाही, त्यामुळे मादीलाही ब्रश नाही. उलट एकदांडीच्या फुलावर रांगणाऱ्या कुठल्याही माशीचं पोट पिवळं होतं. माखलेला पराग आणि वाहून नेलेला पराग वरून काढलेल्या फोटोत वेगळा कळत नाही.

मग तुम्ही म्हणाल पंख बघा. पुढच्या पंखात कडेच्या मोठ्या कप्प्याखाली बारीक कप्प्यांची रांग असते. पोळ्यातल्या मधमाशीला आणि भुंग्याला तिथे तीन कप्पे, मेगाकिलिडीला दोन, तेही साधारण सारख्या लांबीचे. छान. पण ब्राऊनसॅपिसलाही दोनच. काड्यांत राहणारी इवलीशी काळी माशी, भारतभर सापडते आणि ती भुंग्याच्या कुळातली आहे. हायलिअस या तिसऱ्याच कुळातल्या माशीलाही दोन. म्हणजे कप्पे मोजूनही फसता येतं.

खरी पक्की खूण वरच्या ओठात आहे. मेगाकिलिडीचा वरचा ओठ रुंदीपेक्षा लांब असतो आणि बुडाशी, जिथे चेहऱ्याला जोडला जातो तिथे, रुंद असतो. पण तो मिटलेल्या जबड्यांखाली दडलेला असतो. फोटोत दिसतच नाही. जबड्याचे दात, पंजाच्या दोन नखांमधली बारीक गादी हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. मेगाकाइलीला ही गादी नसते, ऑस्मियाला असते. त्या फोटोला ऑस्मिया म्हणणाऱ्याने पंजा पाहिला होता का? ऑस्मिया मुख्यतः थंड प्रदेशांतली, आपल्या 45 अंशांच्या गावात ती शोधणाऱ्याने निदान नकाशा तरी उघडायचा.

टाचणीवर लावलेला नमुना नसेल तर सगळी अंदाजपंचे.

बोगनवेल_धरमपेठ:
इतकं शास्त्र मला कळत नाही, पण माझ्या गुलाबाच्या आणि बोगनवेलीच्या पानांना कडेने गोल गोल तुकडे कापलेत, अगदी कंपासने आखल्यासारखे. रोपं घेतो तिथला माणूस म्हणतो फवारा मारा. मारू का?

खुळखुळा:
नका मारू. अळी खाते तेव्हा कड वेडीवाकडी कुरतडलेली असते, विष्ठाही दिसते. नीट गोलाई असेल तर ती पानकापी मेगाकाइली. ती पान खात नाही, घरात अस्तर म्हणून नेते. लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. झाडाला फारसा त्रास नाही. एखाद्या जुन्या बांबूत किंवा दाराच्या स्क्रूच्या भोकात हिरवी गुंडाळी दिसली तर ते तिचंच घर. आणि ही माशी अंगावर येत नाही. राखायला पोळंच नाही तर धावेल कशाला? मुठीत धरली तर डंख मारेल, एवढंच.

मानेवाडा_मॅक्रो:
बघा! माशी न बघता, कप्पे न मोजता, ओठ न उघडता तुम्ही आत्ता जीनसपर्यंत पोचलात. मग माझ्यावर एवढा राग कशाला?

खुळखुळा:
कारण मी कामावरून बोललो आणि जिथवर काम दिसलं तिथवरच बोललो. पान कोणी कापलं याला उत्तर आहे. कोणत्या मेगाकाइलीने कापलं याला कापलेल्या पानात उत्तर नाही.

सुईटाचणी यांची परजीवीची आणि नराची बाजू मला मान्यच आहे, म्हणून तर "मादी" असं लिहिलं. ब्रश दिसला तर कुळ सांगा. नाही दिसला तर "मधमाशी, कुळ कळत नाही" असं लिहा. हे लिहायला लाज का वाटावी?

काटोलकर:
भाऊ, तुमी ओठ अन् पंजे पाहून राहिले, इथं तुरीले फुलं लागले. मले सांगा, हे नाव समजून आमच्या पोत्यात एक दाना जास्त येते का? आमच्याकडं ती माशी दिसते, काळी, जड, पोट पिवळं. तुरीच्या फुलात घुसते तं फूल अख्खं वाकते. आम्ही तिले माशीच म्हणतो. काम तं करूनच राहिली ना ती, तुमी नाव ठेवा की नका ठेवू.

खुळखुळा:
दादा, तुमचा सवाल या धाग्यातला सगळ्यात कामाचा. तुरीच्या फुलात नर-मादी भाग नावेसारख्या पाकळ्यांत मिटलेले असतात. त्या दाबायला वजन लागतं. जड माशी बसली की पाकळ्या खाली जातात आणि आतलं सगळं थेट तिच्या पोटाला घासतं. मेगाकिलिडीचा ब्रश नेमका तिथेच असतो. शिवाय पराग कोरडा, मकरंदाने चिकटवलेला नाही, म्हणून पुढच्या फुलावर सहज सांडतो. तूर स्वतःच्या परागावरही धरते, पण फुलाफुलांतला संकर मुख्यतः अशा माश्यांमुळेच होतो.

आता कुळ कशाला कळायला हवं ते सांगतो. हॅलिक्टिड आणि अमेगिला मातीत घरं करतात. बांधावरची जमीन खोल नांगरली की त्यांची पिल्लं गेली. मेगाकिलिडीतल्या बऱ्याच जणी आयत्या भोकात राहतात, पोकळ काडीत, बांबूत, किड्याने पोखरलेल्या जुन्या लाकडात, कुडाच्या भिंतीत. तिथे नांगर लागत नाही, पण धुऱ्यावरची जुनी लाकडं आणि काड्या एका दिवशी पेटवल्या तर त्या जातात. पोटाखाली ब्रश दिसला एवढ्यावर कुठे काय राखायचं हे ठरतं. स्पीशीजचं नाव यासाठी लागत नाही.

सुईटाचणी:
इथे तुम्ही घसरलात. लिथर्गस पण याच कुळातली, तिलाही पोटाखाली ब्रश. पण ती आयतं भोक शोधत नाही, मेलेल्या लाकडात स्वतः कोरते. जास्वंद-भेंडीच्या कुळातल्या फुलांवर तिचा जीव. मेगाकाइलीमध्येही एक गट पानं कापतो, दुसरा चिखल आणि डिंक वापरतो. पान कापणारीच्या जबड्यात दातांच्या मधे कात्रीसारखी पात असते, चिखल-डिंकवालीच्या जबड्यात बहुधा नसते. काटोलकरांच्या शेताजवळ पान कापायला झाड हवं की ओला चिखल हवा, हे जबडा सांगतो, ब्रश नाही. म्हणून म्हणते, कुळावर थांबणं हा आळस आहे.

मानेवाडा_मॅक्रो:
आणि जबडा बघायला मारायचं! या माश्यांना पोळं नसतं हे खुळखुळा वर सांगून बसलेत, म्हणजे हाताखाली कामकरीही नाहीत. एक मादी मेली की तिची अर्धवट बांधलेली घरं तशीच पडली. नाव कळावं म्हणून तिला बाटलीत कोंडायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

सुईटाचणी:
भावना समजते. पण फुलोऱ्यात भर दुपारी मारलेली एक फवारणी जेवढ्या मारते तेवढ्या मी जन्मात टाचणीवर लावणार नाही. आणि नमुने म्हणजे काही छंदाची डबी नव्हे. तारीख, गाव, फूल लिहून तो पुण्याला किंवा जबलपूरला झूलॉजिकल सर्व्हेकडे, बेंगळुरूच्या कीटक ब्युरोकडे गेला तर पुढे कोणीही तपासू शकतो. तुमचा फोटो चुकीच्या नावाने फिरला तर तपासणार कसा? आपल्याकडे आजही जुना आधार मधमाश्या-गांधीलमाश्यांवरच्या बिंगहॅमच्या ग्रंथाचा, 1897 चा. त्यानंतर कितीतरी नावं बदलली, गट हलले. ते गोंधळ फोटोवर भांडून मिटत नाहीत.

हो, गोरेवाडा किंवा वनखात्याच्या कुठल्याही जागेत परवानगीशिवाय काहीही पकडू नये. हे आधीच सांगते, नाहीतर उद्या कोणी जाळी घेऊन निघेल.

पत्ता_नाही:
एवढं भांडता कशाला, ॲप आहे ना. फोटो टाका, दोन सेकंदांत नाव.

मानेवाडा_मॅक्रो:
ऑस्मिया तिथूनच आली होती बाबा.

खुळखुळा:
मारणे आणि न बघता सांगणे यांच्या मधे एक वाट आहे. माशी छोट्या पारदर्शक डबीत घ्या, डबी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. थंडीने ती सुस्त होते. पांढऱ्या कागदावर ठेवून भराभर तीन फोटो काढा, एक पंख पसरलेला बाजूने, एक पोटाखालून, एक चेहऱ्याचा समोरून. उन्हात ठेवली की उडून जाते. मिशीचे भागही मोजता येतात. मादीला 12, नराला 13. ब्रश नाही म्हणून माशी बाद करण्याआधी हे मोजा, नर असेल तर तिथेच कळेल. काही मेगाकाइलींच्या नरांचे पुढचे पाय फिकट, रुंद आणि झालरीचे असतात, ते तर लांबूनही ओळखू येतात.

सुईटाचणी:
एवढं केलंत तर कुळावर मी वाद घालणार नाही. स्पीशीज मात्र तरीही नाही.

मानेवाडा_मॅक्रो:
मग हा घ्या. तेलनखेडीच्या बागेत कालच संध्याकाळी मिळालेला फोटो. वाळक्या काडीला जबड्याने चावून लटकलेली, झोपलेली. पोट मागे निमुळतं होत अगदी टोकदार, कडेने पांढरे पट्टे, पोटाखाली ब्रश नाही, डोळ्यांवर बारीक केस. फ्रीज लागला नाही, डबी लागली नाही. मी खाली "सिलिओक्सिस, मादी" लिहिणार आहे. कोणाची हरकत?

सुईटाचणी:
डोळ्यांवरचे केस फोटोत खरंच दिसत असतील तर नाही. नराच्या पोटाला टोकाशी काटे असतात, हिचं साधं निमुळतं, म्हणून मादी हेही ठीक. पुढे स्पीशीजचा तिसरा शब्द जोडलात तर हरकत आहे.

खुळखुळा:
माझीही नाही. पण ज्याला डोळे दिसले नाहीत त्याने हे नाव उचलून आपल्या फोटोखाली लावू नये.

मानेवाडा_मॅक्रो:
लावतील. आणि त्यातले चार जण पुढच्या वेळी डोळे बघायला शिकतील. माझं मत बदललेलं नाही.

काटोलकर:
तुमचं चालू द्या. मले एवढंच सांगा, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारा माराच लागते. कवा मारू का हे माशी वाचन?

खुळखुळा:
ऊन चढलं की ती कामाला लागते आणि दुपारभर फुलांवर असते. फवारणी टाळता आली तर उत्तमच. नाहीच टळली तर ऊन उतरल्यावर, संध्याकाळी, माश्या फुलावरून गेल्या की मारा. औषधाच्या लेबलवर मधमाशीबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. आणि धुऱ्यावरचं जुनं लाकूड या वर्षी पेटवू नका.

काटोलकर:
लाकूड ठेवतो. मजुराले संध्याकाळी थांबवनं अवघड आहे, पाहतो.