गार्डने ब्लॉकच्या मागे लागावं का?

वीकसाइड
आंतरशालेय बास्केटबॉल सामने जवळ आले की पुण्यातल्या कोर्टांवर गार्डना (चेंडू खेळवणाऱ्या, बहुधा कमी उंचीच्या खेळाडूंना) हमखास ऐकवलं जातं: ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूवर सोड, तू तुझा माणूस धर. मला हे पटत नाही. अमेरिकेच्या एनबीए लीगमधले गार्डच बघा. १९८७-८८ मध्ये मायकेल जॉर्डनचे १३१ ब्लॉक होते. ड्वेन वेड ६ फूट ४ इंच, २००८-०९ मध्ये १०६ ब्लॉक. डेरिक व्हाइट तेवढ्याच उंचीचा, बॉस्टनकडून २०२३-२४ मध्ये सामन्याला सरासरी १.२. उडी लागतेच, पण या तिघांचं खरं भांडवल टायमिंग, आणि ते शिकवता येतं.

फास्ट ब्रेकवर (चेंडू मिळताच केलेल्या वेगवान हल्ल्यावर) मागून येऊन मारायचा ब्लॉक घ्या. लेअपवाल्याच्या (धावत येऊन जवळून चेंडू बास्केटमध्ये टाकणाऱ्याच्या) थेट पाठीमागे धावायचं नाही. चेंडू ज्या हातात, त्या बाजूच्या खांद्यामागे एक हात अंतर ठेवायचं. त्याने चेंडू उचलला की त्याची दोनच पावलं उरतात, तेव्हा आपली पावलं आखूड करायची. त्याचा शेवटचा पाय जमीन सोडेपर्यंत उडी नाही, म्हणजे 'फेक'ला (शॉटच्या हुलकावणीला) फसायचा प्रश्नच मिटतो. उजव्या बाजूच्या लेअपला डावा हात वापरायचा, अंग बाहेरून निघून जातं. पोरं सवयीने उजवा हात घालतात, त्याने छाती वळते आणि शूटरच्या पाठीवर आदळते. तळवा उघडा, चेंडूच्या मागून वर ढकलायचा. व्हॉलीबॉलच्या स्मॅशसारखा वरून खाली हात आणला की मनगटावर बसतो आणि फाउल जातो.

शिट्टीवाला
तंत्र बरोबर आहे, फक्त बास्केटमागच्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. लेअप बोर्डाला लागला आणि चेंडू पूर्ण रिंगच्या वर असेल, तर त्यानंतर हात लावला की गोलटेंडिंग, बास्केट धरली जाते. म्हणजे मागून येणाऱ्याला वेळ मिळतो तो चेंडू हातातून सुटल्यापासून बोर्डाला लागेपर्यंतचाच. शालेय सामन्यांत हे 'अचाट ब्लॉक' बऱ्याचदा बोर्डाला लागून परत येणाऱ्या चेंडूवर मारलेले असतात. मग बेंचवरून आरडाओरडा होतो तो आम्हा रेफरींच्या नावाने.

शेवटचा_क्वार्टर
वीकसाइड, नावं मोठी घेतलीत, आता हिशोब करू. मार्क ईटन या सेंटरने १९८४-८५ मध्ये ४५६ ब्लॉक मारले. जॉर्डनचा सर्वांत चांगला हंगाम त्याच्या एक तृतीयांशही नाही. शिवाय त्या हंगामातले जॉर्डनचे घरच्या कोर्टावरचे स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक बाहेरच्यापेक्षा फारच जास्त दिसतात, त्यावरून अमेरिकेत नंतर वादही झालाय. गॅरी पेटन १९९६ मध्ये आणि मार्कस स्मार्ट २०२२ मध्ये डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (हंगामातले सर्वोत्तम बचावपटू) झाले. दोघेही गार्ड, आणि दोघांचीही ब्लॉकची सरासरी सामन्याला अर्ध्याहून कमी. ते जिंकले ते पायांवर, अंगाने वाट अडवून.

आपल्याकडे पाच फाउलला माणूस बाहेर जातो, एनबीएसारखा सहाव्याला नाही. क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की बचावातल्या पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो. मुख्य बॉल हँडलर पहिल्या हाफमध्येच तीन फाउल घेऊन बसला तर प्रेस (समोरच्यांचा कोर्टभरचा दबाव) कोण तोडणार? आणि उडी मारलेला गार्ड रिबाउंडमधून (चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्यातून) बाद. ब्लॉक चुकला, शॉटही चुकला, तरी बॉक्स आउट करायला (समोरच्याला अंगाने बास्केटपासून दूर ठेवायला) कोणी नाही, समोरच्याला दुसरी संधी.

वीकसाइड
पेटन-स्मार्टबद्दल वाद नाही. पण ते चेंडूवरचे बचावपटू. मी व्हाइटचं नाव मुद्दाम घेतलं, कारण तो मदतीला येऊन मारतो. चेंडू एका बाजूने ड्राइव्ह होतोय (बास्केटकडे घुसतोय), तुमचा माणूस विरुद्ध कोपऱ्यात उभा. अशा वेळी एक पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या चौकटीत) हवाच, ब्लॉक मारा किंवा नका मारू. दोन्ही पाय टेकवून, दोन पायांवर सरळ वर उडी घ्यायची. चेंडू लागला तर ब्लॉक, नाही लागला तर हात वर असतातच. धावत येऊन एका पायावर उडणारा मात्र हमखास शूटरच्या अंगावर जातो.

शिट्टीवाला
यावर मी वीकसाइडच्या बाजूने. आपल्या सिलिंडरमध्ये (आपल्या जागेच्या सरळ वरच्या हवेत) सरळ वर उडालात, हातही सरळ, तर शूटर येऊन आदळला तरी बचावपटूचा फाउल नाही. बास्केटखालच्या १.२५ मीटरच्या अर्धवर्तुळात उभे असलात तरी हे लागू. ती रेषा फक्त चार्ज (हल्ला करणाऱ्याचा धडकेचा फाउल) मिळण्यापुरती आहे. पण हात पुढे झुकला, कंबर पुढे गेली, की सिलिंडर सुटला.

पोस्टमधला_हमाल
सेंटरची तक्रार ऐका कुणीतरी. गार्ड ब्लॉकला उडतो आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो. टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा समोरच्यांचाच, शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) उरला तेवढाच. सहा सेकंद उरले असतील तर ठीक, अठरा असतील तर काय कमावलं? बिल रसेल ब्लॉक केलेला चेंडू कोर्टातच ठेवायचा आणि तिथून बॉस्टनचा फास्ट ब्रेक सुटायचा. मनगट ढिलं ठेवून चेंडू टॅप करायला शिकवा. आणि कोपऱ्यातल्या शूटरला सोडून आलात तर आधी ओरडून सांगा, निदान मी एक पाऊल तिकडे टाकेन.

शेवटचा_क्वार्टर
सरळ उडी, हात वर, हे मला मान्यच आहे. पण त्याला 'शॉट अवघड करणं' म्हणा आणि तसंच शिकवा. ब्लॉक हे ध्येय म्हणून दिलं की चौदा वर्षांचा पोरगा पहिल्याच पंप फेकला हवेत.

आणि तुमचा मागून येणारा ब्लॉक पुण्यातल्या शाळांच्या कोर्टांवर शिकवायचा? बालेवाडीच्या लाकडी कोर्टाची गोष्ट वेगळी. नियमाप्रमाणे बोर्डाचा खांब एंडलाइनपासून किमान दोन मीटर मागे आणि पॅडिंगसकट हवा. जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर तो कित्येकदा रेषेला चिकटून, नुसता लोखंडी. पूर्ण वेगाने उडालेला पोरगा थेट त्यावर. पावसाळ्यात शेवाळलेल्या सिमेंटवर तर एका पायाचा टेकऑफसुद्धा नको.

वीकसाइड
खांबाचं मान्य, तिथे मागून येणारा ब्लॉक बंद. पण मदतीचा ब्लॉक अर्ध्या वेगात सिमेंटवरही शिकवता येतो. तिघं लागतात: एक ड्राइव्ह करणारा, एक कोपऱ्यात, एक बचावाला. ड्राइव्हवाल्याला लेअप, पंप फेक आणि कोपऱ्यात पास, तिन्हींची मुभा. बचाववाला फेकला उडाला तर बास्केट धरायची, पासनंतर कोपऱ्यात हात वर करून पोहोचला नाही तरी धरायची. दोन्ही चुका महाग पडल्या की पोरगं आपोआप उशिरा उडायला लागतं.

शेवटचा_क्वार्टर
ड्रिल चांगलं आहे, घेतो. फक्त ब्लॉकला वेगळा पॉइंट देऊ नका.

पोस्टमधला_हमाल
द्या, पण चेंडू आपल्याकडे आला तरच.