प्रमाणपत्र दोन वर्षांचे, हाताची सवय किती दिवसांची?

प्रश्न
आपत्कालीन विभागात काम करताना मला सहा वर्षे झाली. प्रगत जीवरक्षक उपचारांचे माझे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते. पण अभ्यासक्रमानंतर काही महिन्यांतच हात अडखळू लागतो, असे मी दोनदा अनुभवले. परिषदांमधून सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट मिळतात, कौशल्य मात्र टिकत नाही. शिफ्ट सांभाळून आपण नेमके काय करता?

पहिले उत्तर
सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे) कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. त्यामुळे यात आपला दोष मानू नका. आम्ही शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटे मॅनिकिनवर (सरावाच्या मानवी पुतळ्यावर) सराव करतो: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढांसाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोली आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे. थकवा आला की हे शेवटचे सहज सुटते.

दुसरे उत्तर
मला अधिक काळजी वाटते ती क्वचित कराव्या लागणाऱ्या प्रक्रियांची. गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याची वेळ अनेकांवर वर्षानुवर्षे येत नाही, आणि येते तेव्हा विचार करायला उसंत नसते. स्कालपेल (शस्त्रक्रियेची सुरी), बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी), नळी हा क्रम मी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष हाताने करून पाहतो. सराव आपल्याच विभागात, आपल्याच ट्रॉलीसह आणि परिचारिकांना सोबत घेऊन करावा, असे माझे ठाम मत आहे; आमच्याकडे अशाच एका सरावात बुजी भलत्याच कप्प्यात ठेवलेली आढळली, जे कोणत्याही व्याख्यानातून कळले नसते.

तिसरे उत्तर
हाताइतकेच निदानही तपासायला हवे. रुग्ण वॉर्डात गेला की आपला त्याच्याशी संबंध संपतो, आणि आपले निदान चुकले होते की बरोबर, हे बहुधा आपल्याला कळतच नाही. मी दर आठवड्याला पाच दाखल रुग्णांचे अंतिम निदान, गोपनीयतेचे नियम पाळून, माझ्या पहिल्या नोंदीशी ताडून पाहते. पोटदुखी म्हणून दाखल केलेल्या एका वृद्ध रुग्णाला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आला होता. तेव्हापासून अशा रुग्णाचा ईसीजी मी कधीच मागे ठेवत नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. उद्याच्या शिफ्टपासून दहा मिनिटांचा सराव सुरू करतो. निदान ताडून पाहण्याचे काम सहकाऱ्यांसोबत एकत्र करता येईल का, की त्यामुळे लोक चुका लपवू लागतात?

तिसरे उत्तर देणाऱ्या
पहिले काही महिने प्रत्येकाने फक्त स्वतःची प्रकरणे पाहावीत. बैठक घ्यायची झाल्यास विभागातील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांनी आपली चूक आधी मांडावी.